मोजणी जिथे संपते

सातवीत घातांकाचे प्रकरण सुरू होते तेव्हा ते कुणालाच अवघड वाटत नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन असे लांबलचक लिहीत बसण्यापेक्षा एकदाच दोन लिहायचा आणि त्याच्या उजव्या खांद्यावर बारीकसा तीन मांडायचा. खालचा पाया, वरचा घातांक, वाचताना ‘दोनचा तिसरा घात’. पहिला तास असा सुखात जातो. मग नियम येतात. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज, भागाकारात वजाबाकी, घाताचा घात असेल तर घातांकांचा गुणाकार, घातांक शून्य असेल तर उत्तर एक, घातांक ऋण असेल तर संख्या छेदात. फळ्यावर चौकट आखून हे सगळे एकाखाली एक लिहिले जाते, वहीत उतरते, सरावसंचही सुटतो. पुढे थोड्या दिवसांनी चाचणी होते आणि त्याच वर्गातल्या उत्तरपत्रिकांत दोनचा शून्य घात शून्य झालेला दिसतो, दोनचा उणे तिसरा घात उणे सहा किंवा उणे आठ झालेला दिसतो. याचा दोष मुलांच्या विसराळूपणाला देण्याची पद्धत आहे. माझे म्हणणे असे की दोष त्या चौकटीत आहे. तिच्यातले पहिले तीन नियम कुणालाही मोजून पडताळता येतात. शेवटचे दोन माणसांनी विचारपूर्वक ठरवलेले आहेत. दोन्हींचा पोत इतका वेगळा असताना ते एकाच खडूने, एकाच रांगेत, एकाच आवाजात सांगितले जातात आणि हा फरक वर्गात कुणी उच्चारत नाही.

मोजता येणाऱ्या नियमांकडे आधी पाहू. दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात हे सुटे करून लिहिले की आधी तीन दोन, मग चार दोन अशी एक रांग लागते, सगळ्यांच्या मध्ये गुणाकाराची चिन्हे. रांगेत दोन किती आहेत ते मोजायचे. सात. बेरीज कुठून आली, याचे उत्तर एवढेच की आपण दोन रांगा जोडून एक केली. घाताच्या घातात तीन-तीन दोनांचे चार गट पडतात, म्हणून बारा. भागाकारात अंशात सात दोन, छेदात तीन. तीन जोड्या खोडल्या की वर चार उरतात. यात विश्वासाने मान्य करावे असे काहीही नाही. तरीही वह्यांत इथेच पहिल्या चुका होतात, आणि त्या चुका नीट वाचण्यासारख्या असतात. कुणी चारचा सातवा घात लिहितो: त्याने घातांकांची बेरीज बरोबर केली, पण गुणाकाराचे चिन्ह दोन दोनांच्या मध्ये दिसल्यावर त्यांचाही गुणाकार करून टाकला. कुणी दोनचा बारावा घात लिहितो: चिन्ह गुणाकाराचे आहे तर तीन आणि चार यांचाही गुणाकारच व्हायला हवा, असे त्याला वाटले. कुणी दोनचा तिसरा घात अधिक दोनचा चौथा घात म्हणजे दोनचा सातवा घात असे मांडतो, कारण ‘बेरीज करायची’ एवढेच त्याच्या लक्षात राहिले. तिन्ही चुकांच्या मागे काही ना काही तर्क आहे. पहिलीपासून शिकलेली सवय अशी, की चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जे दिसेल त्यावर चिन्हाने सांगितलेली क्रिया करायची. घातांक ही क्रिया ज्यावर करायची ती संख्या नाही, तो गुणल्या जाणाऱ्या संख्यांचा हिशेब ठेवणारा आकडा आहे. आणि आजवर शिकलेल्या अंकगणितात असा हिशेबनीस आकडा मुलाला फारसा भेटलेला नसतो.

या चुका पकडणे मुलाच्याच हातात असते. आठ गुणिले सोळा म्हणजे १२८, आणि दोनचा सातवा घातही १२८. चारचा सातवा घात १६,३८४ येतो, दोनचा बारावा ४,०९६. आठ अधिक सोळा तर अवघे २४. एवढी आकडेमोड सातवीचे मूल सहज करते. ती करून पाहावी असे त्याला वाटत नाही, कारण वर्गात नियम आला की विस्ताराला रजा मिळते. ‘आता पूर्ण लिहीत बसू नका, थेट नियम लावा’ ही सूचना दुसऱ्याच दिवशी येते. ती वेळ वाचवण्यासाठी असते हे खरे. पण ज्या आधारावर नियम उभा आहे तोच आधार ती मुलाच्या हातून काढून घेते, आणि मग नियम आठवला नाही किंवा अर्धवट आठवला तर परत जायला जागा उरत नाही. विस्ताराला मी प्राथमिक पायरी मानायला तयार नाही. निदान पूर्ण एक आठवडाभर, नियम माहीत असूनही, प्रत्येक दुसरे-तिसरे उदाहरण सुटे करून लिहायला लावले पाहिजे. कंसाचा गोंधळही, म्हणजे उणे दोनला कंस घालून केलेला चौथा घात १६ आणि कंस नसताना तोच उणे १६, किंवा कंसातल्या दोन अ चा घन आठ अ-घन, हा बहुतांशी याच उपायाने सुटतो. घातांक नेमका कुणाच्या खांद्यावर बसला आहे ते सुटे लिहिताना आपोआप दिसते.

आता शून्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट इथे सुरू होते. आपण मुलाला सांगितले की घातांक म्हणजे पाया किती वेळा घेऊन गुणायचा तो आकडा. मग दोनचा शून्य घात म्हणजे दोन शून्य वेळा घ्यायचा. काहीच घेतले नाही, तर काहीच नाही, म्हणजे शून्य. हे उत्तर लिहिणारे मूल शिकवलेल्या व्याख्येशी पूर्ण प्रामाणिक आहे. त्याच्या वहीत लाल रेघ ओढणारे शिक्षक मात्र आपली व्याख्या न सांगता बदलून मोकळे झालेले असतात. पाठ्यपुस्तकात यावर एक युक्तिवाद असतो: दोनचा तिसरा घात भागिले दोनचा तिसरा घात. खोडाखोड केली तर एक उरतो. भागाकाराचा नियम लावला तर तीन वजा तीन, म्हणजे दोनचा शून्य घात. म्हणून दोनचा शून्य घात एक. युक्तिवाद सुंदर आहे, पण तो सिद्धता म्हणून सांगितला जातो तेव्हा त्यात एक पायरी लपवली जाते. भागाकाराचा नियम आपण मोजून काढला होता तो वरचा घातांक मोठा असताना, म्हणजे खोडून झाल्यावर वर काही दोन उरत असताना. दोन्ही घातांक सारखे असताना तो लागतो, हे कुणी मोजलेले नाही. तिथे मोजायला काही उरतच नाही. तिथेही तो लागावा अशी आपली इच्छा आहे, आणि ती पुरी करायची असेल तर शून्य घाताला एक हीच किंमत द्यावी लागते, दुसरी कुठलीही चालत नाही. हे उलट बाजूनेही तपासता येते. शून्य घाताची किंमत शून्य ठेवा; मग दोनचा शून्य घात गुणिले दोनचा तिसरा घात हा बेरजेच्या नियमाने दोनचा तिसरा घात, म्हणजे आठ व्हायला हवा, पण प्रत्यक्षात शून्य गुणिले आठ शून्य येतो. नियम मोडला. एक ठेवला तर मोडत नाही. आपण एकची निवड केली ती यासाठी.

चौकटीत या नियमाशेजारी एक अट असते: पाया शून्य नसावा. मुले ती वाचत नाहीत, शिक्षकही तिच्यावर थांबत नाहीत. खरे तर साऱ्या प्रकरणाचा उलगडा त्या बारीकशा अटीत आहे. शून्याचा तिसरा घात भागिले शून्याचा तिसरा घात करायला गेलो तर शून्याने भागावे लागते, आणि वरचा युक्तिवाद पहिल्याच पायरीला अडतो. म्हणून शालेय पुस्तक तिथे किंमत देत नाही. आणि पुढे मोजणीच्या व मालिकांच्या गणितात शून्याचा शून्य घात एक धरणे सोयीचे पडते म्हणून तिथे तो एक धरतात. एकाच चिन्हाबाबत दोन ठिकाणी दोन व्यवस्था असू शकतात, हे नुसते मोजून मिळणाऱ्या सत्याबाबत घडले नसते.

इतिहास हाच फरक दाखवतो. गुणाकारात घातांकांची बेरीज होते ही गोष्ट इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजला पक्की माहीत होती. विश्व भरून टाकायला वाळूचे किती कण लागतील याचा अंदाज त्याने एका छोट्या ग्रंथात बांधला. आजच्या भाषेत ती संख्या दहाच्या त्रेसष्टाव्या घाताइतकी येते. एवढ्या मोठ्या संख्या हाताळण्यासाठी त्याने एकापासून सुरू होणाऱ्या आणि प्रत्येक पायरीला त्याच पटीने वाढणाऱ्या रांगेचा नियम सांगितला. फक्त त्याच्याकडे शून्य नव्हते, त्यामुळे रांगेतला एक हा पहिला, दहा दुसरा, शंभर तिसरा, हजार चौथा. तिसरा आणि चौथा गुणले की लाख येतो आणि तो रांगेत सहावा असतो. तीन अधिक चार, वजा एक. नियम बरोबर, पण प्रत्येक वेळी तो एक वजा करायची कटकट. जर्मन गणिती मायकेल श्टिफेल याच्या १५४४ सालच्या ग्रंथात एक तक्ता आहे: वरच्या ओळीत उणे तीन, उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन, तीन असे सहापर्यंत, आणि खालच्या ओळीत त्यांच्याखाली एक अष्टमांश, एक चतुर्थांश, एक द्वितीयांश, एक, दोन, चार, आठ असे चौसष्टपर्यंत. एकच्या डोक्यावर शून्य बसवले आणि आर्किमिडीजच्या नियमातला तो उपरा एक नाहीसा झाला. मधली शतके गणिती लोक झोपले नव्हते. शून्य आणि ऋण संख्यांना घातांकाच्या जागी बसवणे ही मोजून सापडणारी गोष्ट नव्हती, ती धिटाईने ठरवायची गोष्ट होती. लियोंचा वैद्य निकोला शुके याने १४८४ मध्ये शून्य आणि ऋण घातांक वापरले, पण ते हस्तलिखित १८८० पर्यंत छापलेच गेले नाही. आज फळ्यावर दिसणारा खांद्यावरचा अंक देकार्तच्या १६३७ च्या भूमितीने रूढ केला, आणि ऋण व अपूर्णांकी घातांकांचा पद्धतशीर अर्थ जॉन वॉलिसने १६५६ मध्ये लावला. जे पचवायला मोठ्या डोक्यांना इतका काळ लागला ते आपण एका तासात, चौथी ओळ म्हणून, सांगून टाकतो.

आपल्याकडचा एक दाखला मला याहून जवळचा वाटतो. छंदःसूत्रात पिंगलाने दिलेल्या अक्षरसंख्येचे लघु-गुरूंचे किती प्रकार होतात ते काढण्याची रीत सांगितली आहे; म्हणजे दोनचा अमुकावा घात काढण्याची रीत. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि शून्य येईपर्यंत हे करत जा. मग उलट्या दिशेने येताना, जिथे एक वजा केला होता तिथे दुप्पट करा, जिथे निम्मे केले होते तिथे वर्ग करा. सहा अक्षरांच्या चरणासाठी सहाचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक, एकाचे शून्य. परत येताना एकापासून सुरुवात: दुप्पट दोन, वर्ग चार, दुप्पट आठ, वर्ग ६४. सहा वेळा दुप्पट करण्याऐवजी चार पायऱ्यांत काम झाले, आणि अक्षरे शंभर असती तर बचत फार मोठी झाली असती. घाताचा घात हा नियम इथे कामाला जुंपलेला आहे, आणि शून्याशी पोहोचल्यावर हातात एक घेऊन परतायचे ही व्यवस्थाही त्यात गृहीत आहे. पिंगलाने शून्य घाताची व्याख्या केली असा दावा मी करणार नाही. त्याच्या रीतीला ते शून्य आणि तो एक लागतो, एवढे मात्र स्पष्ट आहे. सातवीच्या वर्गात ही रीत फळ्यावर करून दाखवायला दहा मिनिटे पुरतात, आणि नियम कशासाठी हवेत हे तिच्यातून जितके कळते तितके सरावसंचातून कळत नाही.

ऋण घातांकाबाबत शून्याचेच सारे पुन्हा घडते, फक्त मुलाच्या अडचणीचा प्रकार वेगळा असतो. उणे चिन्ह दिसले की उत्तर ऋण असणार अशी त्याची खात्री असते, आणि आधीच्याच वर्षात शिकलेल्या पूर्णांकांनी ती पक्की केलेली असते. श्टिफेलचा तक्ता इथे फार उपयोगी पडतो: १६, ८, ४, २ असे निम्मे होत उतरताना वरचा घातांक एकेकाने घटतो; एकवर आल्यावर तो शून्य होतो; आणखी खाली गेले तर अर्धा, पाव, अष्टमांश. किंमत लहान होत जाते, शून्याच्या पलीकडे मात्र कधी जात नाही. पण हा आकृतिबंधदेखील पुरावा नव्हे. उतरणीवरची सवय पुढेही तशीच राहू द्यायची, असे आपण ठरवले. आठवीत आठचा एक-तृतीयांश घात म्हणजे घनमूळ दोन असे येते, तेव्हा तिसऱ्यांदा तेच करतो. आणि इथे त्या निर्णयाची किंमतही दिसते. उणे आठचा एक-तृतीयांश घात उणे दोन मानला आणि घातांक दोन-षष्ठांश असा लिहिला, तर अपूर्णांक तोच आहे, पण आधी वर्ग करून चौसष्ट, मग सहावे मूळ घेतले तर अधिक दोन येतो. एकाच संख्येची दोन उत्तरे. म्हणून अपूर्णांकी घातांकांच्या नियमांत पाया धन असावा अशी अट घालावी लागते. ठरवलेला नियम कुठपर्यंत ताणता येतो हे तपासावे लागते. मोजलेल्या नियमाला ही भीती नसते.

यावर अनुभवी शिक्षकांचा पहिला आक्षेप वयाचा असतो: बारा-तेरा वर्षांच्या मुलाला सिद्धता आणि व्याख्या यांतला भेद झेपणार नाही. मला हे पटत नाही. याच वयाची मुले गल्लीत क्रिकेट खेळताना ‘एक टप्पा आउट’ ठरवतात, शेजारच्या गच्चीवर चेंडू गेला तर बाद की सहा धावा यावर वाद घालतात, आणि नवा नियम आल्यावर खेळ बिघडला तर तो रद्दही करतात. चेंडू खाली पडणे आणि एक टप्प्यावर बाद असणे यांत एक आपोआप घडते व दुसरे आपण ठरवले आहे, हे त्यांना कुणी समजावून द्यावे लागत नाही. वर्गात हे भान आणायला ‘तत्त्वज्ञान’ शिकवण्याची गरज नाही. ‘शून्य घाताला कोणती किंमत दिली तर आपले आधीचे नियम शाबूत राहतील?’ एवढा प्रश्न उत्तर सांगण्यापूर्वी विचारला तरी पुरे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नियम पाठ असल्याशिवाय पुढचे गणित चालत नाही. बैजिक राशींचे सरळरूप देताना, प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन गुणिले दहाचा आठवा घात मीटर असे मांडताना, अकरावीत लॉगरिदम वापरताना प्रत्येक वेळी विस्तार करत बसणारा विद्यार्थी मागे पडेल. हे अगदी खरे आहे. नियम सहज आठवले पाहिजेत, त्यासाठी सरावही भरपूर हवा, आणि पाढ्यांप्रमाणेच त्यांची घोकंपट्टी केली तरी बिघडत नाही. वाद पाठांतराशी नाही. जे नियम मोजून पडताळता येतात ते मोजून पाहिल्यावर आणि जे ठरवलेले आहेत ते का ठरवले हे कळल्यावर पाठ करावेत, असे माझे म्हणणे आहे, कारण मग विसरल्यावर ते पुन्हा उभे करता येतात. लॉगरिदमचेच उदाहरण घ्या. नेपियरने १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या कोष्टकांचा सारा फायदा गुणाकाराची बेरीज करण्यात होता. ज्याला घातांकांची बेरीज का होते हे ठाऊक आहे त्याला लॉगरिदमचे नियम ओळखीचे वाटतात. ज्याने फक्त चौकट पाठ केली त्याच्यासाठी ती आणखी एक चौकट असते.

वेळेचा आक्षेप उरतो, आणि तो मला सगळ्यांत गंभीर वाटतो. बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकात घातांक हे पंधरा प्रकरणांपैकी एक आहे. शून्य आणि ऋण घातांक त्याच प्रकरणात येतात. एनसीईआरटीच्या अनेक वर्षे चाललेल्या पुस्तकांत शून्य घातांक सातवीत आणि ऋण घातांक आठवीत अशी विभागणी होती, आणि ती मला अधिक शहाणपणाची वाटते, कारण मोजणीचे नियम अंगवळणी पडायला मधे वर्ष मिळते. पण क्रम शिक्षकाच्या हातात नसतो. परीक्षेचा प्रश्न मात्र बराचसा त्याच्या हातात असतो, निदान घटक चाचणीत. ‘पाचच्या शून्य घाताची किंमत लिहा’ हा एका गुणाचा प्रश्न चौकट आठवते का एवढेच तपासतो, आणि मुलेही तेवढीच तयारी करतात. त्याऐवजी ‘पाचच्या शून्य घाताची किंमत शून्य मानली तर घातांकांचा कोणता नियम मोडतो, ते एका उदाहरणाने दाखवा’ असा दोन गुणांचा प्रश्न घातला, तर उत्तर दोन-तीन ओळींत लिहून होते, तपासायलाही वेळ लागत नाही, आणि त्या दोन गुणांसाठी वर्गात तो प्रश्न आधी एकदा तरी विचारावाच लागतो.